जास्त बोटांच्या मांजराची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी ठकी आहे. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्यात, जिन्याखालच्या अडगळीत ती सापडली तेव्हा तळहाताएवढी होती आणि पुढचे पंजे मात्र अंगापेक्षा मोठे. शेजारच्या आजींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हिला हातमोजे घातलेत का कुणी?" मोजली तर २१ बोटं भरली. तेव्हापासून ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून फोन येतात: "आमच्या पिल्लालाही सहा बोटं आहेत, आता काय करायचं?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि मला अनुभवातून, पशुवैद्यांकडून कळलेली उत्तरं इथे लिहिली आहेत.

मांजराला मुळात बोटं असतात किती?

अठरा. पुढच्या प्रत्येक पंजाला ५ आणि मागच्या प्रत्येक पंजाला ४. पुढचं पाचवं बोट म्हणजे आतल्या बाजूला, थोडं वर असलेला आणि जमिनीला न टेकणारा अंगठा. पुष्कळ लोक तो पाहून "आमच्याकडेही जास्तीचं बोट आहे" म्हणतात, पण तो सगळ्यांनाच असतो. पुढे सहा किंवा त्याहून जास्त, मागे पाच किंवा त्याहून जास्त असली तर ती जास्तीची. बहुतेक वेळा ती पुढच्या पंजांना आणि अंगठ्याच्या बाजूला असतात. दोन्ही पंजे सारखे असतीलच असं नाही. ठकीच्या उजव्या पंजाला सात बोटं आहेत, डाव्याला सहा. कॅनडातल्या जेक नावाच्या मांजराची २००२ साली मोजणी झाली तेव्हा चारी पंजांना सात-सात, म्हणजे एकूण २८ बोटं भरली आणि गिनेसने तो विक्रम नोंदवला.

मोजायचीच असतील तर बोटांपेक्षा नखं मोजा. एका जाड बोटाला दोन नखं असू शकतात. एखादं बोट नुसता मांसाचा गोळा असतो, त्याला नखच नसतं. आणि कधीकधी दोन बोटांच्या बेचक्यात, केसांच्या आत, एखादं नख असं लपलेलं असतं की वर्षभर कुणाला त्याचा पत्ता लागत नाही. काळजी करायची ती या लपलेल्या नखाची.

हा आजार आहे का? त्याला दुखत असेल का?

नाही. जन्मजात वेगळेपण आहे, बस. बहुतेक मांजरं या बोटांसह छान पळतात, चढतात, शिकार करतात. ठकी तर पुढच्या पंजाने शेंगदाणा उचलते, अगदी चिमटीत धरल्यासारखा. तिचं पाहून मला अजूनही नवल वाटतं.

असं होतं कशामुळे?

आनुवंशिकतेमुळे. गर्भात पंजा घडत असताना कुठे किती बोटं फुटायची हे ठरवण्यात सॉनिक हेजहॉग नावाच्या जनुकाचा मोठा वाटा असतो. हे जनुक कुठे आणि किती काम करणार, हे ठरवणारा डीएनएचा एक नियंत्रक तुकडा त्याच्यापासून बराच लांब, त्याच गुणसूत्रावर असतो. त्या तुकड्यात एका अक्षराचा फरक पडला की जनुक नको त्या जागीही जागं होतं आणि अंगठ्याच्या बाजूला जास्तीची बोटं फुटतात. मांजरांमधले असे बदल २००८ साली शास्त्रज्ञांनी नेमके दाखवून दिले.

आई किंवा बाप, दोघांपैकी एकाकडून हा बदल आला तरी पुरतो. अशा मांजराच्या प्रत्येक पिल्लात तो उतरण्याची शक्यता साधारण निम्मी. म्हणून एका वेतातली दोन पिल्लं मोजे घातल्यासारखी आणि दोन साधी, असं दिसतं. गरोदरपणी ग्रहण लागलं, कुणाची नजर लागली, या गोष्टींचा इथे काही संबंध नाही.

हेमिंग्वेची मांजरं म्हणतात ती हीच का?

हो. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या 'की वेस्ट' नावाच्या बेटावर अर्नेस्ट हेमिंग्वे या लेखकाचं घर आहे. आता तिथे संग्रहालय आहे आणि पन्नास-साठ मांजरं राहतात, त्यातल्या जवळपास निम्म्यांना जास्तीची बोटं आहेत. जहाजावरचे खलाशी अशी मांजरं मुद्दाम पाळत, ती शुभ मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या स्लिपर्स नावाच्या मांजरालाही सहा बोटं होती. आपल्याकडे तशी परंपरा ऐकली नाही. षष्ठी देवीचं वाहन मांजर आहे हे खरं, पण त्या सहाचा आणि या सहाचा मेळ घालून कुणी तुमच्या मांजराची पूजा करायला लागलं तर पेढा त्याच्या तोंडाशी नेऊ देऊ नका. मांजराला गोड पचत नाही.

नखं किती दिवसांनी कापायची आणि कशी?

साधं मांजर चढताना, ओरबाडताना नखं आपोआप झिजवतं, वरचं जुनं टरफल गळून पडतं. जास्तीची बोटं जमिनीला टेकत नाहीत, खांबाला लागत नाहीत, त्यामुळे त्यांची नखं झिजतच नाहीत. ती वाढतात, वळतात आणि शेवटी पंजाच्या गादीत रुततात. म्हणून आमचा नेम ठरलेला आहे: दर रविवारी पाहणी आणि दर पंधरा दिवसांनी कापणी.

कापायला मांजरांसाठी मिळते ती लहान, कात्रीसारखी नखकात्री घ्या. आपल्या नेलकटरने नख चिरतं आणि चिरलेलं नख पुन्हा दुखतं. मांजर जेवून सुस्तावलेलं असताना बसा. दुपारची दोन-तीनची वेळ उत्तम. मांडीवर पाठ तुमच्याकडे करून बसवा, पंजा हातात घ्या, बोटावर वरून आणि गादीवर खालून हलकं दाबा. नख म्यानातून बाहेर येतं. फिकट नख उजेडाला धरलं की आत गुलाबी रेष दिसते. तीच जिव्हाळी. तिथे रक्त आणि नस दोन्ही असतात. तिच्या पुढे दोन मिलिमीटर सोडून फक्त टोक उडवा. काळ्या नखात जिव्हाळी दिसत नाही, तिथे नुसतं सुईसारखं टोक काढा आणि थांबा. कमी कापलं तर पुढच्या आठवड्यात पुन्हा कापता येतं.

एका बैठकीत सगळी नखं झालीच पाहिजेत असा हट्ट नको. आज चार, उद्या चार. ठकी शेपटी आपटायला लागली की मी कात्री खाली ठेवते. जबरदस्तीने केलेली एक कापणी पुढच्या सहा महिन्यांचा विश्वास घालवते. पिल्लू घरात आलं की पहिल्या दिवसापासून रोज त्याचे पंजे नुसते हातात घ्या, बोटं फाकवून बघा, सोडून द्या. ही सवय लागली की पुढचं सगळं सोपं जातं. मोठेपणी घरात आलेल्या मांजराला ही सवय लावायला महिना-दोन महिने लागतात, तोवर पशुवैद्याकडून कापून घ्या.

आणि लपलेली नखं शेवटी नाही, सगळ्यात आधी कापा. शेवटपर्यंत मांजराचा धीर संपतो आणि नेमकी तीच राहून जातात.

नख आत रुतलंय हे कसं ओळखायचं?

लंगडण्याची वाट पाहू नका. मांजर दुखणं लपवतं. ठकी दोन वर्षांची असताना, भर जुलैत, ती चालता चालता उजवा पंजा झटकायला लागली. खिडकीत बसून तोच पंजा चाटत राहायची. मी तिला एका दवाखान्यात नेलं. तिथे पंजा वरवर पाहिला, "पावसाळ्यात खाज येते" म्हणाले आणि पावडर दिली. आम्ही ती चार दिवस लावली. पाचव्या रात्री ती माझ्या मांडीवर झोपली होती आणि मला वास आला, ओल्या फडक्याला येतो तसा कुबट. टॉर्च लावला, अंगठा आणि पहिलं बोट यांच्या बेचक्यातले केस ओले करून बाजूला सारले. आत एक नख अर्ध्या बांगडीसारखं वळलेलं होतं आणि त्याचं टोक गादीत शिरलेलं होतं. भोवती पिवळट ओली खपली. तिच्या उजव्या पंजात सात बोटं आहेत हे मला माहीत होतं. आठवं नखही आहे हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी तिला झोपेचं इंजेक्शन देऊन नख कापलं आणि आतला तुकडा चिमट्याने काढला. तांदळाच्या दाण्याएवढा होता. जखम धुतली, प्रतिजैविकं दिली, दहा दिवस गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर. बरी झाली. पण त्या चार दिवसांची रुखरुख मला अजून आहे आणि म्हणून हे उत्तर इतकं लांबलं.

तेव्हा एकच पंजा सतत चाटणं, पंजा झटकणं, उडी मारायला कां कूं करणं, बेचक्यातले केस ओले किंवा तांबूस दिसणं, वास येणं, पंजाला हात लावू न देणं, यातलं काहीही दिसलं की प्रत्येक बेचकं उघडून पाहा. रुतलेलं टोक घरी ओढून काढू नका, ते आत तुटतं. डॉक्टरांकडे गेल्यावर स्वतः तोंडाने सांगा, "जास्तीची बोटं आहेत, एवढी नखं आहेत, बेचक्यातही पाहा."

कापताना रक्त आलं तर?

घाबरू नका. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर नखाच्या टोकावर दाबा आणि स्वच्छ कापसाने तीन-चार मिनिटं धरून ठेवा. मध्येच उचलून पाहू नका. दहा मिनिटांनीही थांबलं नाही तर दवाखाना गाठा.

जखमेला घरी काय लावू? दुखण्यावर गोळी देऊ का?

माणसाची कोणतीही वेदनाशामक गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे. माणसाचं यकृत ते ज्या मार्गाने निकामी करतं तो मार्ग मांजराकडे फार दुबळा असतो. रक्तातल्या तांबड्या पेशी बिघडतात, हिरड्या करड्या-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीने मांजर दगावू शकतं. चुकून पोटात गेलीच तर लक्षणांची वाट न पाहता त्याच क्षणी निघा. आयबुप्रोफेनचंही तसंच, देऊ नका.

जखम धुवायला मिठाचं पाणी पुरे: अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ. डेटॉलच्या जातीची जंतुनाशकं आणि फिनाईल मांजराला बाधतात. जखमेला तर लावू नकाच, पण फरशी फिनाईलने पुसली असेल तर ती पूर्ण सुकेपर्यंत मांजराला त्या खोलीत येऊ देऊ नका. पायाला लागलेलं सगळं ते चाटतं. मोठ्या पंजाला लागतंही जास्त.

जास्तीची बोटं किंवा नखं काढून टाकावीत का?

बोट लोंबकळत असेल, सारखं अडकत-फाटत असेल, किंवा नख अशा कोनात उगवत असेल की दर वेळी गादीतच शिरतं, तर डॉक्टर एक्स-रे काढून हाड कसं जोडलेलं आहे ते पाहतात आणि तेवढं एक बोट काढायचा सल्ला देतात. तो जरूर ऐका. बरं दिसावं म्हणून काढू नका.

"सोफा फाडतं, सगळी नखंच काढून टाका" हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला माझं उत्तर ठाम नाही असं आहे. मांजराचं नख बोटाच्या शेवटच्या हाडातून उगवतं. नख कायमचं काढायचं म्हणजे ते हाडच कापायचं. आपली दहाही बोटं शेवटच्या पेरापासून तोडण्यासारखं आहे ते. ब्रिटनमध्ये त्याला बंदी आहे, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने २०१९ साली बंदी घातली. आपल्याकडे १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा आहे आणि त्याचं कलम ११ जनावराचं अंग छाटण्याला क्रूरता म्हणतं.

मग सोफा कसा वाचवायचा?

खाजवायला खांब द्या. बाजारातला महागडा कशाला? बोहरी आळीतून काथ्याची जाड दोरी आणा, एक मजबूत लाकडी ओंडका किंवा पाइप घ्या आणि घट्ट, फट न ठेवता गुंडाळा. उंची एवढी हवी की मांजर मागच्या पायांवर उभं राहून पूर्ण ताणलं जाईल, म्हणजे अडीच-तीन फूट. खालचा पाट जड हवा. खांब एकदा डुगडुगला की मांजर पुन्हा त्याच्याकडे वळत नाही. काथ्याचं पायपुसणं जमिनीवर आडवं टाकलं तरी पुष्कळ मांजरांना आवडतं. खांब सोफ्याच्या शेजारीच ठेवा, कोपऱ्यात नको. मांजर सगळ्यांच्या डोळ्यांदेखतच ओरबाडणार.

दोरी सुटी लोंबायला लागली की बदला. जास्तीचं नख त्यात अडकतं. खिडकीच्या डासांच्या जाळीतही अडकतं. ठकी एकदा पडद्याला एका नखावर लटकलेली होती. खाली ओढू नका, उचलून वरच्या दिशेने सोडवा.

पावसाळ्यात वेगळं काय करायचं?

बाहेरून आल्यावर पंजे कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून, मग कोरड्या फडक्याने प्रत्येक बेचकं टिपायचं. चिखलाचा गोळा आत सुकला की खड्यासारखा टोचतो. बेचकं ओलं राहिलं की त्वचा भिजून पांढुरकी होते आणि संसर्ग होतो. शौचाच्या डब्यातली बारीक माती गोळे होऊन अडकत असेल तर जाड दाण्याची वापरून पाहा. दिवाळीत रांगोळी आणि वर्षभर शिवणाचा दोरा, यांच्यावरही नजर असू द्या. दोरा बोटाभोवती गुंडाळला गेला तर बोट सुजून रक्तप्रवाह थांबतो.

सगळीच नखं विचित्र झाली आहेत, तेही यामुळेच का?

नाही, आणि हे वेगळं ओळखायला हवं. जास्तीची बोटं जन्मापासून असतात. मधेच नखं बदलली तर कारण शोधायला लागतं. नखं ठिसूळ झाली, भोवती केस गोल चट्ट्यात गेले, तर बुरशी असू शकते. ती घरातल्या माणसांनाही लागते. नखाच्या मुळाशी सूज आणि पू म्हणजे नखुरडं. गादी मऊ, फुगलेल्या उशीसारखी झाली तर तो वेगळा आजार आहे, त्यावर औषधं आहेत. म्हाताऱ्या मांजराच्या एकाहून जास्त बोटांना अचानक सूज आली आणि नखं पडायला लागली तर लगेच दाखवा. फुप्फुसातली गाठ बोटांपर्यंत पसरल्याचं ते पहिलं चिन्ह असू शकतं.

म्हाताऱ्या मांजराची नखं जाड झाली आहेत...

सांधे दुखतात म्हणून ती ओरबाडत नाहीत, मग जुनी टरफलं गळत नाहीत. दहा वर्षांनंतर दर आठवड्याची पाहणी साध्या बोटांचीसुद्धा करा.

पिल्लं होऊ द्यावीत का? सगळे मागतात.

मी म्हणेन, नको. नसबंदी करा. पुण्यात रस्त्यावर पिल्लांना तोटा नाही. शिवाय एक धोका आहे: काही मांजरांमध्ये जास्तीची बोटं पुढच्या पायातलं रेडियस हाड आखूड असण्याच्या विकृतीबरोबर येतात. एखाद्या बोटाच्या हौसेपायी पुढच्या वेतात वाकड्या पायांची पिल्लं जन्माला येऊ शकतात आणि ती आयुष्यभर सशासारखी खुरडत चालतात. तुमच्या पिल्लाचे पुढचे पाय वाकडे दिसत असतील तर एक्स-रे काढून घ्याच. तसं मांजरही घरात, जमिनीलगत सोयी करून दिल्या तर आनंदाने जगतं.

नखं कापताना ओरखडा आला तर इंजेक्शन घ्यायचं का?

आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. ओरखड्यातून रक्त आलं नसलं तरी, मांजराला रेबीजची लस नसेल, किंवा ते बाहेर हिंडणारं असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. सरकारी आणि महापालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते. ती त्वचेत देतात तेव्हा पहिल्या दिवसानंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुन्हा जायचं असतं. मधला डोस चुकवू नका. आणि मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या, पुढे दर वर्षी. पुणे महापालिकेने २०२२ साली मांजरांचीही नोंदणी करायचं ठरवलं, त्यासाठीही लसीचा दाखला हाताशी असलेला बरा.

पुण्यात दाखवायचं कुठे? न्यायचं कसं?

औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, खाजगी दवाखाने तर पेठांपासून उपनगरांपर्यंत आहेत. फोनवर एवढंच विचारा: "तुमच्याकडे मांजरं नेहमी येतात का?" रिक्षात मांजर हातात धरून नेऊ नका, हॉर्नला बिचकून उडी मारतं. प्लास्टिकचा पिंजरा नसेल तर बुरूड आळीतली झाकणाची बांबूची टोपली घ्या, पण झाकण सुतळीने दोन्हीकडे बांधा आणि आत त्याच्या वासाचं जुनं फडकं घाला.

आम्ही गावाला जातोय, शेजाऱ्यांकडे ठेवायचंय. काय सांगून जायचं?

तोंडी सांगू नका, कागदावर काढून द्या. मी ठकीच्या दोन्ही पुढच्या पंजांचं चित्र काढून प्रत्येक नखाला आकडा दिला आहे. उजव्या पंजातल्या आठव्या नखाभोवती लाल गोल आहे आणि खाली लिहिलं आहे, "केस बाजूला करून पाहा." तो कागद शेजारच्या काकूंच्या फ्रिजवर चिकटवलेला असतो. गेल्या दिवाळीत आम्ही कोकणात होतो तेव्हा त्यांचा फोन आला: "अगं, आठवं जरा वळायला लागलंय. मी कापू का तू येईपर्यंत थांबू?" त्यांनी पंजाचा फोटो पाठवला, मी पाहिला आणि कापा म्हटलं.